निघा म्हटल्यावर न निघण्याची किंमत

पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी पर्यटकांवर हल्ला झाला आणि त्याच आठवड्यात जळगावचं नाव एका भलत्याच यादीत वर आलं. महाराष्ट्रात राहणाऱ्या पाकिस्तानी नागरिकांचे शहरवार आकडे वर्तमानपत्रांनी छापले होते. एकूण ५,०२३; त्यात नागपूर २,४५८, ठाणे १,१०६ आणि पाठोपाठ जळगाव, ३९३. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे वाचून नवल वाटलं असेल. जळगावकराला वाटायचं काही कारण नव्हतं. सिंधी कॉलनी आणि संत कंवरराम नगर त्याच्या रोजच्या रस्त्यावर आहेत, फुले मार्केटात कापड घेताना सिंधी दुकानदाराशी घासाघीस करत तो लहानाचा मोठा झालेला असतो. धुळ्यात साक्री रोडवरच्या कुमारनगरची गोष्ट तीच. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंध्यांनी खानदेशातल्या ह्या दोन बाजारपेठांत बस्तान बसवलं, ते केव्हाच भारताचे नागरिक झाले, आणि त्यांच्या नातवंडांना आता अहिराणीतला टोमणाही कळतो.

पण फाळणी काही १९४७ मध्येच संपली नाही. सक्कर, घोटकी, जेकबाबादकडे राहिलेले काका-मामा होते, तिकडे दिलेल्या बहिणी होत्या. पुढच्या काळात त्यांची मुलंबाळं व्हिसा काढून इकडे येत राहिली. काही नातेवाइकांना भेटून परत गेली, काही परत गेलीच नाहीत. अशांसाठी आपल्या गृहखात्याने ‘लाँग टर्म व्हिसा’ ही सोय ठेवलेली आहे. सिंधी वस्तीत आणि पोलिसांच्या कागदात त्याला सरळ ‘एलटीव्ही’ म्हणतात. जळगावच्या ३९३ मधले बहुतेक जण हे असे एलटीव्हीवाले.

त्या आठवड्यात दिल्लीहून हुकूम सुटला. सार्क व्हिसावर आलेल्या पाकिस्तान्यांनी २६ एप्रिलपर्यंत देश सोडावा, बाकीचे व्हिसा २७ पासून रद्द, उपचारासाठी आलेल्यांना २९ पर्यंत सवलत. बातमीच्या शेवटी एक ओळ होती : मुदतीत न गेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने लगेच केला आणि सिंधी कॉलनीने सुटकेचा श्वास टाकला असणार. तीन लाखांचा आकडा मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

‘निघा’ म्हटल्यावर जो निघत नाही त्याला पैशाचा दंड, ही कल्पना ऐकायला सरळ आहे. वाहतूक पोलिसाच्या चलनाची आपल्याला सवय असते, त्यामुळे चूक आणि रक्कम यांचं कोष्टक कुठेतरी ठरलेलं असणार असं आपण धरून चालतो. परदेशी नागरिकांच्या बाबतीत तसं नसतं. इथे रक्कम चुकीवरून फारशी ठरत नाही. कोणाला ठेवायचं आणि कोणाला घालवायचं हे सरकारने आधी ठरवलेलं असतं, आणि आकडा त्याच्या मागून येतो. हे जळगावातही दिसतं आणि वॉशिंग्टनमध्येही.

आधी एक घोटाळा दूर करू. व्हिसा संपणं, देश सोडण्याची नोटीस मिळणं आणि हाकलून देण्याचा आदेश होणं ह्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. बातम्यांत त्या सर्रास एकत्र होतात. व्हिसा संपूनही माणूस राहिला तर तो ‘ओव्हरस्टे’. दंड भरून, मुदतवाढ मागून किंवा बाहेर पडण्याचा परवाना काढून हे प्रकरण मिटू शकतं. दुसरी पायरी ‘लीव्ह इंडिया नोटीस’ : अमुक तारखेच्या आत स्वतःच्या पायांनी जा. तेही झालं नाही तर तिसरी, म्हणजे पोलिसांनी ताब्यात घेऊन सीमेवर किंवा विमानात पोचवणं. पैशाचा दंड पहिल्या पायरीवर बरा चालतो. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेल्या माणसाकडून तो वसूल होईल अशी अपेक्षा कोणीच ठेवत नाही, सरकारसुद्धा.

भारतात ह्या सगळ्याचा आधार कित्येक दशकं एकच होता, इंग्रजांनी जाता जाता केलेला १९४६ चा परकीय नागरिक कायदा. त्यात कोणालाही ‘भारतात राहू नये’ असा हुकूम काढण्याचा अधिकार सरकारला होता. त्यातली एक तरतूद मला नेहमी मासलेवाईक वाटत आली आहे : ज्याला घालवायचं त्याच्याजवळ जे काही असेल त्यातूनच त्याला घालवण्याचा खर्च आणि तोवरच्या खाण्यापिण्याचा खर्च करायला लावता येत असे. हाकलणार सरकार आणि भाडं पाहुण्याच्या गाठीचं! हुकूम मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती आणि शिवाय दंड. दंडाची कमाल रक्कम कायद्यात लिहिलेली नव्हती, ती न्यायाधीशावर सोडली होती. ह्या अधिकाराला काही मर्यादा आहे का, हा प्रश्न १९५५ साली हान्स म्युलर नावाच्या जर्मन माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे, असं उत्तर मिळालं. सत्तर वर्षं झाली, पाया तोच आहे.

२०२५ मध्ये हा कायदा आणि त्याच्या जोडीचे आणखी तीन कायदे मोडीत काढून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट’ आला. लोकसभेत २७ मार्चला, राज्यसभेत २ एप्रिलला मंजूर, ४ एप्रिलला राष्ट्रपतींची सही. आता दंडाचे आकडे स्पष्ट लिहिले गेले. पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट वापरला तर किमान दोन आणि कमाल सात वर्षं कैद, आणि दंड एक लाखापासून दहा लाखांपर्यंत. मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षं किंवा तीन लाख किंवा दोन्ही. एप्रिलच्या बातम्यांतले तीन लाख इथून आलेले. गंमत अशी की हा कायदा प्रत्यक्षात लागू झाला १ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे ज्या आठवड्यात तीन लाखांची भीती घरोघर पोचली, त्या आठवड्यात अंमल जुन्या १९४६ च्या कायद्याचाच होता. शिक्षा सौम्य नव्हती, उलट कैदेची मुदत जास्त होती. पण तीन लाख हा आकडा छापायला सोयीचा आणि लक्षात राहायला सोपा.

प्रत्यक्षात हे चालतं कसं? मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत परदेशी नागरिकांसाठी वेगळं नोंदणी कार्यालय, एफआरआरओ, असतं. जळगाव किंवा धुळ्यासारख्या जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असतं, म्हणजे त्यांच्या कार्यालयातल्या विदेशी नागरिकांचं टेबल सांभाळणाऱ्या दोन-चार कर्मचाऱ्यांकडे. गेल्या काही वर्षांत अर्ज ऑनलाइन झाले आहेत. पासपोर्टचं पान, व्हिसाचं पान, घरमालकाचं पत्र, वीजबिल, फोटो हे सगळं चढवायचं आणि मग कोणीतरी घरी येऊन तुम्ही खरंच तिथे राहता का ते पाहून जातं. व्हिसा उलटून गेलेला माणूस परत जायला निघाला की त्याला ‘एक्झिट परमिट’ लागतं. दंड भरल्याशिवाय ते मिळत नाही आणि ते नसेल तर विमानतळावरून माघारी यावं लागतं.

इथे एका क्रिकेटपटूची गोष्ट सांगायला हवी. नोव्हेंबर २०१९ मध्ये बांगलादेशचा संघ कोलकात्याला ईडन गार्डन्सवर गुलाबी चेंडूची कसोटी खेळायला आला होता. संघातला तरुण फलंदाज सैफ हसन परतीला विमानतळावर पोचला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपला व्हिसा दोन दिवसांपूर्वीच संपला आहे. विमान गेलं. २१,६०० रुपये दंड भरून, परवाना घेऊन तो नंतर घरी गेला. ह्यात वावगं काही नाही, नियम तसा होता. पण नियमाचा दुसरा रकाना त्याच वेळी लोकांच्या नजरेस आला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना, म्हणजे हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांना, नव्वद दिवसांपर्यंतच्या ओव्हरस्टेला १०० रुपये, दोन वर्षांपर्यंत २०० आणि त्याहून जास्त झाल्यास ५०० रुपये होते. बाकीच्यांना हेच टप्पे ३००, ४०० आणि ५०० डॉलरचे. सैफऐवजी त्याच संघातला लिटन दास दोन दिवस जास्त राहिला असता, तर शंभराची नोट देऊन सुटला असता.

ह्या फरकावर तेव्हा बरीच चर्चा झाली. एका बाजूला, छळाला कंटाळून आलेल्या गरीब कुटुंबाकडून डॉलर मागायचे कसे, हा मुद्दा खरा आहे. घोटकीहून चार पोरं घेऊन आलेल्या मजुराला पस्तीस हजार रुपये भरा म्हणणं म्हणजे त्याला कायमचं लपायला लावणं. दुसऱ्या बाजूला, उशीर दोन दिवसांचा, देश एक, संघ एक, आणि दंडात दोनशे पटींचा फरक, हे न्यायाच्या नेहमीच्या हिशोबात बसत नाही. माझ्या मते त्या रकान्यांना दंडाचे रकाने म्हणणंच चूक आहे. शंभर रुपये म्हणजे ‘राहा, फक्त कागद नीट कर’ आणि तीनशे डॉलर म्हणजे ‘नीघ’. सरकारने आपलं मन रुपयांत लिहून ठेवलं होतं.

आता अमेरिकेकडे वळू, कारण ह्या विषयातला सगळ्यात मोठा आकडा तिथला आहे. हद्दपारीचा अंतिम आदेश झाल्यावरही जाणूनबुजून देश न सोडणाऱ्याला दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दिवाणी दंड करता येईल, अशी तरतूद तिथल्या संसदेने १९९६ साली केली. महागाईप्रमाणे ती रक्कम वाढत २०२५ मध्ये ९९८ डॉलरवर गेली. आपल्या पैशात दिवसाला साधारण ८५ हजार. त्या उन्हाळ्यातल्या जळगावच्या सराफ बाजारातल्या भावाने बोलायचं तर रोज पाऊण तोळ्याहून जास्त सोनं.

वीस-बावीस वर्षं हे कलम जवळपास झोपलेलं होतं. कारण उघड आहे : ज्याला कायद्याने काम करता येत नाही, ज्याच्या नावावर फारसं काही नाही, त्याच्यावर रोजचा दंड लावून वसूल काय होणार? ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ते जागं झालं. हद्दपारी टाळण्यासाठी चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या काही मोजक्या लोकांना नोटिसा गेल्या. ओहायोतल्या कोलंबस शहरात चर्चच्या आवारात राहणाऱ्या एका मेक्सिकन बाईंच्या नोटिशीवर जवळजवळ पाच लाख डॉलर होते. गदारोळ झाला, नोटिसा मागे घेतल्या गेल्या, काही रकमा कमी करून पुन्हा पाठवल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने तो प्रकार थांबवला. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प परत आले आणि पहिल्याच दिवशीच्या आदेशांत दंडवसुलीचा उल्लेख होता. जूनपर्यंत सुमारे दहा हजार नोटिसा निघाल्या. जूनच्याच शेवटी नियम बदलून प्रक्रिया आखडली : नोटीस साध्या टपालानेही पाठवता येते आणि अपिलाला कामाचे पंधरा दिवस मिळतात. दंड पाच वर्षं मागे जाऊन मोजता येतो. ९९८ गुणिले ३६५ गुणिले ५. उत्तर अठरा लाख डॉलरच्या वर जातं, म्हणजे पंधरा कोटी रुपये.

शेतात टोमॅटो तोडणाऱ्या किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्या माणसाला पंधरा कोटींचं बिल पाठवणारं सरकार ती रक्कम मिळेल म्हणून पाठवत नाही. त्याच सरकारने त्याच वर्षी ‘सीबीपी होम’ नावाचं मोबाइल ॲप पुढे केलं. स्वतःहून जातो अशी नोंद त्यावर करा, तिकीट आम्ही काढतो, वर हजार डॉलर देतो, आणि हो, तो दंडही माफ. एका हातात पंधरा कोटींची नोटीस, दुसऱ्या हातात हजार डॉलर. खानदेशात गुरांच्या बाजारात भाव कसा ठरतो हे ज्याने पाहिलंय त्याला पहिला आकडा कशासाठी सांगितला जातो ते कळायला वेळ लागू नये. स्वीडनने तर दंडाचा मार्ग सोडून नुसत्या आमिषाचा धरला आहे. स्वेच्छेने मायदेशी परतणाऱ्या निर्वासिताला पूर्वी दहा हजार क्रोना मिळत, १ जानेवारी २०२६ पासून साडेतीन लाखांपर्यंत.

ह्याचा मराठी घरांशी संबंध किती? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकन लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. पंजाब, हरियाणा, गुजरातच्या मानाने हे नगण्य. अमेरिकेतल्या अंतिम आदेश झालेल्या, पण कोठडीत नसलेल्या भारतीयांची संख्या नोव्हेंबर २०२४ मध्ये १७,९४० होती. आपल्याकडची मुलं जातात ती बहुतेक एफ-वन किंवा एच-वन-बी व्हिसावर, रीतसर. त्यांच्या आईवडिलांना मात्र ९९८ डॉलरची बातमी वाचून घोर लागतो. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : एच-वन-बीवरच्या मुलाची नोकरी गेली, तर नवी शोधायला किंवा परत यायला साठ दिवसांपर्यंतची मुदत असते, ती उलटली म्हणून रोजचा दंड सुरू होत नाही. तो इमिग्रेशन न्यायालयाच्या किंवा खात्याच्या अंतिम आदेशानंतरचा विषय आहे. धोका वेगळा आहे आणि तो पैशापेक्षा जड आहे. १९९६ च्याच कायद्यानुसार, सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा जास्त राहिलेल्याला दहा वर्षं परत येता येत नाही. त्यातून न्यायालयाच्या तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि माणूस हजर राहिला नाही, तर त्याच्या गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश होतो. घर बदलल्यावर पत्ता कळवण्याचा आळस तिथे फार महाग पडतो.

आखाती देशांत गणित पुन्हा उलटं. संयुक्त अरब अमिरातीत व्हिसा उलटला की दिवसाला ५० दिरहम. वर्षाचे १८,२५० दिरहम होतात, चार लाख रुपयांच्या आसपास. हा दंड चुकता केल्याशिवाय देश सोडता येत नाही. म्हणजे कंत्राटदाराने पगार बुडवला, व्हिसा संपला, की मजुराला घरी जायचं असतं आणि दंडामुळेच जाता येत नाही. रोज थांबण्याने दंड वाढतो, वाढल्याने आणखी थांबावं लागतं. दर काही वर्षांनी सरकारलाच हा गुंता सोडवावा लागतो. १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत अमिरातीने अशी माफी जाहीर केली : दंड नाही, परत यायला बंदी नाही, कागद नीट करा किंवा घरी जा. निघून जावं म्हणून लावलेला दंड माफ केल्यावर लोक निघून जाऊ शकले.

ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यावर दंड लावला तरच तो चालतो, हे बहुतेक सरकारांना आता उमगलंय. म्हणून दंडाचं टोक इतरांकडे वळतं. ब्रिटनमध्ये कागद नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून माणशी ६० हजार पौंडांपर्यंत दंड आहे. आपल्या नव्या कायद्यातही विमान आणि जहाज कंपन्यांवर पाच लाखांपर्यंतची जबाबदारी आहे. आणि ह्या साखळीचं शेवटचं टोक जळगावच्या लॉजपर्यंत पोचतं. अजिंठ्याची लेणी इथून तासा-दीड तासावर, त्यामुळे पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी प्रवासी स्टेशनजवळच्या लॉजमध्ये एखादी रात्र काढतात. काउंटरवरच्या पोऱ्याला त्या प्रत्येकाच्या माहितीचा फॉर्म, जुन्या नियमांतला ‘फॉर्म सी’, चोवीस तासांत भरावा लागतो : पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, कुठून आला, कुठे निघाला. आता हा फॉर्म ऑनलाइन जातो. त्यात हयगय झाली तर पाहुणा सकाळच्या गाडीने निघून गेलेला असतो आणि पोलिसांपुढे उभा राहतो लॉजचा मालक. विद्यापीठांना आणि रुग्णालयांनाही परदेशी विद्यार्थी-रुग्णांची अशीच खबर द्यावी लागते.

घरच्या हद्दपारीशी एकदा तुलना करून पाहण्यासारखी आहे. गणपती आले किंवा निवडणूक लागली की जळगाव-धुळ्याच्या पानांवर ‘अमुक टोळी दोन वर्षांसाठी तडीपार’ अशा बातम्या दिसू लागतात. हे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५, ५६, ५७ खाली होतं. कमाल मुदत दोन वर्षं. तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. भारताच्या नागरिकालाच त्याच्या जिल्ह्यातून काढायचं म्हणून न्यायालयं इथे फार काटेकोर असतात. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो सरसकट वापरायचा नाही, असं बजावलं. आणि तडीपार माणूस चोरून परत आला तर? कलम १४२ : दोन वर्षांपर्यंत कैद, साधारणतः सहा महिन्यांपेक्षा कमी नाही, वर दंड. रोजचा हिशोब नाही, लाखांचे आकडे नाहीत. तो रात्री आईला भेटायला येणार हे पोलिसांना माहीत असतं; ते दाराशी थांबतात आणि उचलतात. पैशाच्या दंडाची भाषा जोर धरते ती माणूस सापडत नसला किंवा सापडूनही त्याचा देश त्याला परत घेत नसला तरच.

परत जळगावला येऊ. समजा, सक्करचं एक कुटुंब २०१३ मध्ये इथे आलं आणि धाकट्या भावाचं कुटुंब २०१७ मध्ये. (कुटुंब कल्पनेतलं आहे, तारखा कायद्यातल्या आहेत.) दोघांकडेही एलटीव्ही. त्यावर त्यांना पोटापाण्याचा धंदा करता येतो, राहण्यापुरतं एक घर घेता येतं, बँकेत खातं, पॅन, आधार काढता येतं. मोठ्या भावाला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा रस्ता आहे, कारण तो ३१ डिसेंबर २०१४ च्या आत आला. ११ मार्च २०२४ ला त्या कायद्याचे नियम आले. त्यात अर्ज तपासणाऱ्या जिल्हा समितीचं अध्यक्षपद टपाल खात्याच्या अधीक्षकाकडे आहे, ह्याचं अनेकांना नवल वाटतं. धाकट्याला तो रस्ता नाही. त्याला १९५५ च्या मूळ कायद्याने जायचं आहे. आई किंवा बाप अखंड भारतात, म्हणजे फाळणीआधी, जन्मलेला असेल तर सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणी होऊ शकते. तसं नसेल तर बारा वर्षं. आज तिशीत असलेल्या सिंधी तरुणाचे आईवडील बहुधा १९६० नंतरचे, म्हणजे बारा वर्षंच.

मधल्या काळात व्हिसाचं नूतनीकरण एकदा जरी राहिलं, तर कायद्याच्या व्याख्येत तो ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरण्याचा धोका, आणि तसा ठरलेल्याला नागरिकत्वाचा अर्जच करता येत नाही. किरकोळ दंड तो कसाही भरेल. सगळी वर्षं वाया जाण्याची भीती त्याला खरी. त्यातून इथे जन्मलेलं मूल : ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला नागरिकत्व मिळायला आईबापांपैकी एक जण भारतीय आणि दुसरा कायदेशीर राहणारा असावा लागतो. दोघेही पाकिस्तानी असतील तर जळगावच्या दवाखान्यात जन्मून, जळगावच्या शाळेत मराठी शिकूनही ते पोर भारतीय ठरत नाही. त्याच्या पासपोर्टसाठी दिल्लीला पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात जायचं, आणि त्या कचेरीतली माणसं मे २०२५ पासून तीसवर आणली गेली आहेत.

नागरिकत्व देण्याचे अधिकार गृहखात्याने डिसेंबर २०१६ मध्ये देशातल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना दिले. अर्जाची फी तीन ते पंधरा हजारांवरून शंभर रुपयांवर आणली तीही त्याच वर्षी. सोळांत महाराष्ट्रातले चार जिल्हे : मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर. जळगाव त्यात नव्हतं.

१ सप्टेंबर २०२५ ला नवा कायदा लागू झाला, त्याच दिवशी सवलतीचा एक आदेशही निघाला. तिन्ही शेजारी देशांतून छळामुळे किंवा छळाच्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा समाजांच्या लोकांवर कागद नाहीत किंवा कागदांची मुदत संपली म्हणून कारवाई होणार नाही. धाकटा भाऊ ह्या आदेशात बसतो. म्हणजे पाच लाख, तीन लाख, कैद, काहीही त्याला लागू नाही. नागरिकत्वाची तारीख मात्र २०१४ वरच थांबलेली आहे. दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत आलेल्यांना कोणी जा म्हणत नाही, त्यांना सोप्या रस्त्याने नागरिकही करून घेत नाही. त्यांनी पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या त्या टेबलावर कागद देत राहायचे, बारा वर्षं भरली की अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून मंत्रालयात, तिथून दिल्लीला.